फुलाला ते झालर म्हणतात

मे महिन्यात नागपुरात बॅडमिंटन खेळायचं तर आदल्या रात्री फुलांना वाफ द्यावी लागते. नळीची दोन्ही झाकणं काढायची, किटलीच्या तोटीवर नळी धरून मनात दहा आकडे मोजायचे, नळी उलटी करून पुन्हा दहा, मग झाकणं लावून रात्रभर तशीच ठेवायची. विदर्भातल्या कोरड्या हवेत पिसं खडखडीत वाळतात. वाफ दिली नाही तर पाचव्या-सहाव्या स्मॅशला एक पीस मोडतं आणि फूल हवेत भोवरा खात कुठेही जातं. ही रीत मला माझ्या पार्टनरनं शिकवली. आम्ही दोघी एकवीस वर्षं डबल्स खेळलो. शटलला ती कधीच शटल म्हणत नाही, फूलच म्हणते. मीही.

रशियन भाषेत शटलला ‘वोलान’ म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. झग्याच्या कडेला चुण्या घालून शिवलेल्या झालरीलाही तोच शब्द. सोळा पिसांचा तो घेर हातात धरून वरून पाहिला की झालर म्हणणाऱ्यांचंही पटतं. रशियातल्या उरल पर्वताकडच्या हिवाळ्यात बाहेर उणे वीस आणि आत अखंड चालणारी उष्णतायंत्रणा, म्हणजे हॉलमधली हवा आमच्या मे महिन्यासारखीच सुकी. तिथेही पिसं अशीच वाळत असणार, आणि तिथेही कोणीतरी आदल्या रात्री किटलीशी उभं राहत असणार. या एका विचारानं मला रशियन खेळाडूंविषयी आपलेपणा वाटायला लागला, असं म्हटलं तरी चालेल.

व्लादिमीर इवानोवला मी पहिल्यांदा पाहिलं ते टीव्हीवर, प्रीमियर बॅडमिंटन लीगमध्ये. दिल्लीच्या संघाकडून तो आणि इवान सोझोनोव ही जोडी खेळत होती. इवानोव जवळजवळ दोन मीटर उंच. बॅडमिंटनमध्ये इतकी उंची म्हणजे निव्वळ वरदान, असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी त्या उंचीनं अंगावर आलेला ड्राइव्ह, म्हणजे सपाट, वेगवान फटका, घेऊन पाहावा. डबल्समध्ये अर्धे गुण कमरेखाली आणि छातीसमोर ठरतात. वाकायचं, सावरायचं, पुन्हा वाकायचं, तेही समोर जपान-कोरियाची विजेसारखी माणसं असताना. माझी पार्टनर तेव्हा म्हणाली होती, “एवढा मोठा देह घेऊन हा खाली किती पटकन जातो बघ. याच्या गुडघ्यांना मानलं पाहिजे.” गुडघ्यांकडे तिचं लक्ष तेव्हापासूनच असायचं.

इवानोव १९८७ चा, चेल्याबिन्स्कचा. सोझोनोव १९८९ चा, येकातेरिनबुर्गचा. दोन्ही शहरं उरल पर्वताच्या पूर्वेला, एकमेकांपासून साधारण दोनशे किलोमीटरवर. चेल्याबिन्स्क म्हणजे पोलाद, ट्रॅक्टर आणि आइस हॉकी. तिथल्या हॉकी संघाचं नावच ‘त्राक्तोर’ आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये याच शहराच्या आकाशात उल्का फुटली आणि हजारो इमारतींच्या काचा गेल्या, ती बातमी आपल्याकडेही सगळ्यांनी पाहिली. अशा गावात मुलगा उंच निघाला, खांदे रुंद निघाले, तर त्याच्या हातात हॉकीची काठी यायची. या मुलाच्या हातात शंभर ग्रॅमचीही नसलेली रॅकेट आली.

रशियात बॅडमिंटन कोणाला माहीत नाही असं नाही. उलट सगळ्यांनाच माहीत आहे, आणि अडचण नेमकी तीच आहे. शहराबाहेरच्या उन्हाळी घरात, ज्याला ते ‘दाचा’ म्हणतात, तिथे काकडीच्या वाफ्यांच्या बाजूला, नेट न बांधता, प्लॅस्टिकच्या फुलानं आजी-नातवंडं खेळतात ते बॅडमिंटन. आपल्याकडे गल्लीत, गच्चीवर चालतं तसंच. त्यामुळे ‘मी बॅडमिंटन खेळतो’ असं तिथल्या एखाद्या पोरानं सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं, बरं, सुट्टीत का? सोव्हिएत संघात हा खेळ रुजायला सुरुवात झाली ती १९५७ च्या मॉस्कोतल्या जागतिक युवक महोत्सवानंतर. पुढे राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाल्या, पण तिथल्या व्यवस्थेत पैसा आणि मान ऑलिंपिक खेळांच्या वाट्याला जायचा, आणि बॅडमिंटनला ऑलिंपिक पदकांच्या यादीत जागा मिळाली १९९२ ला, बार्सिलोनात. तोवर सोव्हिएत संघच उरला नव्हता. म्हणजे हा खेळ मोठा व्हायच्या वयात आला आणि नेमकं घरच मोडलं. नव्वदच्या दशकातल्या त्या पडझडीत ज्या प्रशिक्षकांनी मुलांच्या क्रीडाशाळा चालू ठेवल्या, त्यांच्या हाताखाली इवानोव-सोझोनोवची पिढी वाढली.

आपल्याकडे या खेळाचं मूळ अगदी जवळ आहे. ‘पूना’ नावानं इंग्रज अधिकारी तो पुण्याच्या छावणीत खेळायचे आणि त्याचे पहिले नियम तिथेच लिहिले गेले. सांगलीत जन्मलेल्या नंदू नाटेकरांनी १९५६ मध्ये क्वालालंपूरला सेलांगोर स्पर्धा जिंकली, तेव्हा परदेशात विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. म्हणजे नाटेकर परदेशात करंडक उचलत होते तेव्हा मॉस्कोचा तो महोत्सव अजून व्हायचा होता. हा फरक लक्षात ठेवला की रशियन खेळाडूची वाट किती उशिरा सुरू झाली ते कळतं. त्याच्यासाठी घरात लावायला नाटेकरांचा फोटोच नव्हता.

व्यावसायिक बॅडमिंटनपटूचं आयुष्य आपल्याला फायनलच्या दिवशी दिसतं. एरवी ते सगळं हिशोबात जातं. जागतिक क्रमवारी ठरते गेल्या ५२ आठवड्यांतल्या सर्वोत्तम दहा स्पर्धांच्या गुणांवर. तुम्ही आजारी पडा, तुमचा घोटा मुरगळो, व्हिसा उशिरा येवो, गेल्या वर्षीचे गुण त्या-त्या आठवड्याला गळून पडतात. म्हणून सतत खेळत राहायचं. आणि रशियन खेळाडूनं कुठून कुठे जायचं? देशातली एक मोठी खुली स्पर्धा बरीच वर्षं व्लादिवोस्तोकला व्हायची. मॉस्कोपासून रेल्वेनं ९,२८९ किलोमीटर, घड्याळात सात तासांचा फरक. व्लादिवोस्तोकहून मॉस्कोपेक्षा टोकियो कितीतरी जवळ. त्या शहराचा ‘प्रिमोर्ये’ क्लब युरोपच्या क्लब स्पर्धेचा विजेता झालेला आहे. नकाशा उघडून ते ठिकाण पाहिलं तर युरोप हा शब्द किती ताणला गेलाय हे लक्षात येतं. प्रशांत महासागराच्या काठावरचा क्लब, युरोपचा विजेता!

व्लादिवोस्तोकशी आपल्या खेळाडूंचंही नातं आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये तिथे महिला एकेरीच्या अंतिम सामन्यात ऋत्विका शिवानीनं रशियाच्या एव्हगेनिया कोसेत्स्कायाला हरवलं. जुलै २०१८ मध्ये सौरभ वर्मानं तिथे पुरुष एकेरी जिंकली. त्याच स्पर्धेत मिश्र दुहेरीच्या फायनलला आपले रोहन कपूर आणि कुहू गर्ग होते, आणि समोर होता इवानोव, कोरियाच्या किम मिन-क्यूंगला जोडीला घेऊन. आपली जोडी २१-१९, २१-१७ अशी हरली. पहिला गेम किती जवळचा होता बघा. आमच्या व्हॉट्सअॅप गटावर तेव्हा कोणी त्या सामन्याचं नावही काढलं नव्हतं. वर्षात जवळजवळ प्रत्येक आठवड्याला जगात कुठे ना कुठे असे सामने होतात. प्रेक्षकांत खेळाडूंचे सहकारी आणि चार-दोन शाळकरी मुलं. टीव्ही नाही. हरलात तर संध्याकाळचं तिकीट, जिंकलात तर आणखी एक दिवस हॉटेलचं भाडं. इवानोव तेव्हा एकतीस वर्षांचा होता आणि जगातली सगळ्यात जुनी स्पर्धा जिंकून बसलेला होता. तरी तो तिथे होता.

ती सगळ्यात जुनी स्पर्धा म्हणजे ऑल इंग्लंड. प्रकाश पदुकोणनं १९८० ला जिंकली, गोपीचंदनं २००१ ला, आणि या दोन सालांवर भारतातली एकेक पिढी पोसली गेली. १३ मार्च २०१६ ला बर्मिंगहॅममध्ये पुरुष दुहेरीच्या फायनलला इवानोव-सोझोनोव उतरले तेव्हा त्यांच्याबाबत कोणाची काही अपेक्षा नव्हती. समोर जपानचे हिरोयुकी एंडो आणि केनिची हायाकावा. ही जोडी २०१३ ला आणि २०१४ ला याच फायनलमध्ये हरलेली, म्हणजे तिसऱ्यांदा उंबरठ्यावर आलेली. हॉलमधल्या कितीतरी जणांचा जीव त्यांच्यासाठी तुटत असणार. पहिला गेम रशियन जोडीनं २१-२३ असा घालवला.

हा आकडा मला फार छळतो. २१-१० हरलात तर मनाला एक प्रकारची मोकळीक मिळते, आज आपला दिवस नाही, संपलं. २१-२३ म्हणजे गेम तुमच्या हातात येऊन गेलाय. त्या दोन मिनिटांच्या विश्रांतीत जोडीतल्या दोघांपैकी एकाच्या मनात ‘तो रिटर्न तू नेटमध्ये का घातलास’ हे आल्याशिवाय राहत नाही. ते डोळ्यांत दिसू द्यायचं की नाही, यावर पुढचा गेम ठरतो. हे मी एकवीस वर्षांच्या अनुभवावरून सांगते, आमचा स्तर काय असायचा तो असो. इवानोव-सोझोनोवनी पुढचे दोन गेम २१-१८, २१-१६ असे घेतले. ऑल इंग्लंड जिंकणारे ते पहिले रशियन.

बक्षिसाचा हिशोबही सांगते, कारण ‘व्यावसायिक’ म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांसमोर टेनिस येतं. त्या वर्षी स्पर्धेची एकूण रक्कम साडेपाच लाख डॉलर होती. तेव्हाच्या नियमानुसार दुहेरीतल्या विजेत्या जोडीला त्यातले ७.९ टक्के मिळायचे, म्हणजे ४३ हजारांच्या आसपास डॉलर. दोघांत वाटून, कर वेगळा. बॅडमिंटनच्या जगातलं हे सगळ्यात मोठं शिखर, आणि ते आयुष्यात एकदाच आलं. बाकीच्या वर्षांत प्रांताकडून, राष्ट्रीय संघाकडून मिळणाऱ्या पगारावर आणि रॅकेट कंपनीच्या सामानावर घर चालतं. खेळाडूला राज्याकडून ‘मास्टर ऑफ स्पोर्ट’सारखी पदवी मिळते, तिला तिथे खरोखर मान आहे. पण रस्त्यात ओळखून थांबवणारं कोणी नाही.

इथे मला चार वर्षं मागे जायला हवं, लंडनला. कारण रशियन बॅडमिंटनचा विषय निघाला की लोक तीच गोष्ट काढतात, आणि मीही एके काळी ती चुकीची सांगायचे.

लंडन ऑलिंपिकच्या आधी, ऑक्टोबर २०११ मध्ये, रशियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष दिमित्री मेदवेदेव यांनी बॅडमिंटनचा प्रचार करणारा एक व्हिडिओ टाकला होता. त्यात ते स्वतः पुतिनसोबत खेळताना दिसतात. शाळांमध्ये हा खेळ आणायची चर्चा तेव्हा झाली. रशियात लोक त्या व्हिडिओला खूप हसले. दाचावरचा आजीचा खेळ, त्याला राष्ट्राध्यक्ष कशाला? ज्यांनी पंधरा-वीस वर्षं रोज सहा तास त्या खेळाला दिली होती, त्यांनी ते हसू कसं ऐकलं असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

त्यानंतर दहा महिन्यांत वलेरिया सोरोकिना आणि नीना विस्लोवा लंडनच्या वेंब्ली अरीनात होत्या. दोघी महिला दुहेरीतल्या २०१० च्या युरोपियन विजेत्या. ऑलिंपिकमध्ये त्या वर्षी पहिल्यांदाच गटसाखळी ठेवली होती. त्यांच्या गटात चीनची वांग शियाओली-यू यांग ही जगातली पहिल्या क्रमांकाची जोडी आणि एक कोरियन जोडी. दोन सामने हरल्या, कॅनडाविरुद्धचा जिंकल्या. गटात तिसऱ्या. घरी जायचं.

३१ जुलैच्या त्या रात्री जे झालं ते ज्यांनी पाहिलं ते विसरणार नाहीत. चीनची दुसरी जोडी अनपेक्षितपणे तिच्या गटात दुसरी आली होती, आणि पुढच्या फेरीत कोणाशी गाठ पडू नये याची गणितं सुरू झाली. सोरोकिना-विस्लोवाच्या गटातल्या चिनी आणि कोरियन जोड्या मुद्दाम हरायला लागल्या. सर्व्हिस नेटमध्ये, रिटर्न बाहेर. प्रेक्षक हुर्यो उडवत होते. थोड्या वेळानं आणखी एका कोरियन आणि इंडोनेशियाच्या जोडीनं तेच केलं. दुसऱ्या दिवशी चारही जोड्या, आठ खेळाडू, बाद. आणि रिकाम्या झालेल्या जागी रशिया, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेच्या जोड्यांना परत बोलावलं. त्याच संध्याकाळी उपांत्यपूर्व सामना.

सोरोकिना-विस्लोवा दक्षिण आफ्रिकेच्या जोडीला हरवून पुढे गेल्या, उपांत्य सामन्यात पुढे सुवर्ण जिंकणाऱ्या तियान छिंग-झाओ युनलेईकडून हरल्या, आणि ४ ऑगस्टला कॅनडाला २१-९, २१-१० असं हरवून त्यांनी कांस्य घेतलं. ऑलिंपिकमधलं रशियाचं पहिलं बॅडमिंटन पदक.

आम्ही तेव्हा काय म्हणालो? लॉटरी लागली. हॉलमध्ये आम्ही सगळ्या हेच म्हणालो, मीसुद्धा. आमचा राग समजण्यासारखा होता, कारण त्याच ऑलिंपिकमध्ये आमच्या ज्वाला गुट्टा आणि अश्विनी पोनप्पा तीनपैकी दोन सामने जिंकूनही, केवळ एका गुणाच्या फरकानं गटातून बाहेर पडल्या होत्या. जपानची जोडी तैवानकडून ज्या प्रकारे हरली त्यावर भारतानं तक्रार केली, ती फेटाळली गेली. दोन जिंकलेल्या आमच्या मुली घरी, आणि दोन हरलेल्या रशियन मुलींच्या गळ्यात पदक. हा अन्याय मला कित्येक दिवस खात होता.

पण त्याच ४ ऑगस्टला, त्याच हॉलमध्ये, सायना नेहवालचा कांस्यपदकाचा सामना होता. वांग शिननं पहिला गेम २१-१८ असा घेतला, दुसऱ्यात ती १-० पुढे असताना गुडघा धरून खाली बसली आणि तिला सामना सोडावा लागला. सायनाला कांस्य मिळालं. मी टीव्हीसमोर रडले. आमच्या घरात पेढे आले. त्या पदकाला मी लॉटरी म्हटलं नाही, आजही म्हणणार नाही, कारण त्या कोर्टपर्यंत पोचायला सायनानं काय केलं होतं ते आम्ही हैदराबादपासून पाहत आलो होतो. सोरोकिनाचं आणि विस्लोवाचं आम्ही काहीच पाहिलेलं नव्हतं. एवढाच फरक होता. एकाच दिवसाची दोन पदकं, दोन्हींना दुसऱ्या कोणाच्या तरी मागे हटण्यानं वाट मिळाली, आणि एकीसाठी आम्ही पेढे वाटले, दुसरीला नावं ठेवली. हे माझ्या ध्यानात यायला सात-आठ वर्षं गेली. ध्यानात आलं तेव्हा मी पार्टनरला सांगितलं. ती म्हणाली, “गटात हरल्यावर बॅग भरून झाली असेल गं. ती उघडून पुन्हा बूट काढायचे आणि त्याच संध्याकाळी जिंकायचं, हे सोपं नाही.”

इवानोव आणि सोझोनोव रिओला उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेले आणि चीनच्या चाय बियाओ-होंग वेईकडून हरले. त्याबद्दल फार लिहायला माझ्याकडे नाही.

२०२१ बद्दल मात्र आहे. त्या वर्षी युरोपियन विजेतेपदाची स्पर्धा एप्रिलच्या शेवटी सुरू झाली, २ मे ला संपली, आणि पुरुष दुहेरीचं सुवर्ण इवानोव-सोझोनोवला मिळालं. इवानोव तेहतीस वर्षांचा, सोझोनोव एकतीस. मिश्र दुहेरीचं सुवर्णही रशियाच्याच रोदिओन अलिमोव आणि अलिना दावलेतोवाला. स्पर्धेचं ठिकाण होतं कीव.

कीव. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा तारखा पुन्हा तपासल्या. त्यानंतर पुरते दहा महिनेही झाले नव्हते, तेव्हा २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाचं सैन्य त्याच शहराच्या दिशेनं निघालं. ज्या शहरानं या दोघांना पोडियमवर उभं केलं, तिथले लोक मेट्रोच्या स्टेशनांत गाद्या टाकून झोपायला लागले. खारकीव, द्निप्रो ही युक्रेनच्या बॅडमिंटनची शहरं, तिथे आंतरराष्ट्रीय स्पर्धा व्हायच्या. खारकीववर त्या दिवसांत बॉम्ब पडत होते.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात जागतिक बॅडमिंटन महासंघानं रशिया आणि बेलारूसच्या खेळाडूंवर बंदी घातली. रशियन खेळाडूंना नावाशिवाय खेळायची सवय तशी झालेली होती. टोकियो ऑलिंपिकमध्ये डोपिंगच्या प्रकरणामुळे त्यांना देशाचं नाव, ध्वज, राष्ट्रगीत काहीच वापरता आलं नव्हतं, छातीवर फक्त ‘आरओसी’ (रशियन ऑलिंपिक समिती) ही अक्षरं होती. पण निदान खेळता आलं होतं. आता तेही गेलं. ५२ आठवड्यांचा तो हिशोब मी वर सांगितला. न खेळता एक वर्ष गेलं की त्यातलं सगळं गळून जातं आणि क्रमवारीतून नावच नाहीसं होतं. २०२४ मध्ये काही अटींवर तटस्थ खेळाडू म्हणून दार थोडं उघडलं. पस्तिशीच्या पुढे गेलेल्या खेळाडूला दोन वर्षं कोण परत देणार?

ती बंदी योग्य होती असं मला वाटतं. माझ्या डोळ्यांसमोर खारकीवची एखादी पंधरा वर्षांची मुलगी येते. तिचा हॉल, तिच्या फुलांच्या नळ्या, तिचा सकाळचा सराव, सगळं एका रात्रीत गेलं. तिच्यासमोर नेटपलीकडे काहीच झालं नाही अशा थाटात कोणी उभं राहावं आणि पंचांनी ‘लव्ह ऑल, प्ले’ म्हणावं, हे मला सहन होत नाही. आणि तरी चेल्याबिन्स्कच्या त्या उंच मुलाबद्दल माझ्या मनात जे आहे ते कमी होत नाही. हा निर्णय त्याच्या हातात नव्हता. त्याच्या हातात होते फक्त सोझोनोवबरोबर वीस फूट रुंदीचं आणि बावीस फूट लांबीचं अर्धं कोर्ट. लोक मला म्हणतात, एक काहीतरी ठरव. मी ठरवत नाही. खारकीवच्या मुलीचं दुःख मोठं आहे, तिचं आधी. पण त्यानंतर मला इवानोवविषयीही बोलायचं आहे, आणि तेवढी जागा माझ्या मनात आहे.

निकालांच्या कोष्टकात ही नावं नेहमी एकत्र छापली जातात, मध्ये एक तिरकी रेघ, इवानोव/सोझोनोव. सिंगल्सच्या खेळाडूचं नाव एकटं उभं राहू शकतं. डबल्सवाल्याचं अर्धं वाटतं. उंच जो, तो बऱ्याचदा मागून मारतो आणि लोकांना तोच आठवतो. पण पुढे नेटवर जो फूल खाली ठेवतो आणि समोरच्याला ते उचलायला भाग पाडतो, त्याच्यामुळेच मागच्याला स्मॅश मिळतो. माझी पार्टनर नेटवर असायची, मी मागे. हॉलमध्ये लोक माझ्या स्मॅशचं कौतुक करायचे. मी सुरुवातीची काही वर्षं ते ऐकून घ्यायचे, पुढे मात्र ते मला टोचायला लागलं.

गेल्या दिवाळीनंतर तिचा उजवा गुडघा बदलला. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, खेळायचं नाही. जानेवारीत मी तिच्याकडे गेले होते. ती पलंगावर, पायाखाली उशी. मी मोबाइलवर बर्मिंगहॅमची ती फायनल लावली आणि तिसऱ्या गेमवर नेली, म्हटलं, शेवट बघ, पहिल्यांदा रशियन जिंकले. तिनं शेवट पाहिला. टाळ्या वाजल्या, हात मिळवले, सगळं झालं. मग तिनं चष्मा पुसला आणि म्हणाली, “आता पहिला गेम लाव. हरलेला.”

“कशाला? जिंकलेलं पाहिलंस ना?”

“ते झालंच गं. हरल्यावर दोघं एकमेकांकडे कसं बघतात, ते पाहायचंय मला.”

मी तिच्या पलंगाच्या कडेला सरकून बसले आणि व्हिडिओ मागे नेला.